तीनशे बारा पावलं

जॅनिनने सॉसेज रोल कागदात गुंडाळला, माझ्या हातात कोंबला आणि पैसे काही घेईना. "आज तुझ्याकडून नाही घेणार, राजा," ती म्हणाली, आणि ते मंडईतल्या अर्ध्या रांगेला ऐकू गेलं, कारण जॅनिन ऑक्सलीला हळू बोलता येत नाही. "आमच्या ब्रायनीसाठी शनिवारी तू जे केलंस ना, ते तिच्या सख्ख्या बापाने केलं नसतं." मी म्हटलं, "काय केलं मी?" तर ती हसली. "आता माझ्यासमोर कशाला सोंग करतोस? धुक्यात हरवल्याचं नाटक! दोन तास चिखलात बसलास म्हणे. का, तर पोरीला वाटावं आपण कुणाला तरी शोधून काढलं! मी सांगते ना, रॉय स्टॅनिफोर्थ दिसतो माकड, पण मन सोन्याचं आहे." माझ्या मागचा म्हातारा म्हणाला, "सोन्याच्या माणसा, पुढे सरक जरा." सगळे हसले. मीही हसलो. "पोरगी खूश असेल," मी म्हटलं. "कुठली खूश! आल्यापासून गप्प. विचारलं तर एवढंच, 'सर म्हणाले ती परीक्षा होती.' गोल्ड मेडलचा फॉर्म टेबलावर तसाच पडलाय. मी म्हटलं भर ना, तर म्हणे बघू. जाऊ दे. अजून एक घे, चीजवाला."

तर मी मंडईबाहेर बाकावर बसलोय, हातात दोन रोल, एक डुकराचा, एक चीजचा, आणि पहिलाच घास तोंडात असा फिरतोय जसं काही मी पुठ्ठा खातोय. समोरून ट्राम जाते. खिडकीतल्या एका पोराला मी सवयीने जीभ दाखवतो, ते पोरगं खूश होऊन दोन जिभा असल्यासारखं परत दाखवतं. सवय. चोपन्न वर्षांचा आहे, शाळेच्या वर्कशॉपमध्ये लाकूडकामाची हत्यारं सांभाळतो, आणि जिथे जाईन तिथे चार लोक आधीच हसायला लागतात, मी तोंड उघडायच्या आत. हेडमास्तरांच्या खुर्चीखाली सायकलचा भोंगा बसवणारा मीच. एक एप्रिलला स्टाफरूममधल्या सगळ्या घड्याळांत वेगवेगळी वेळ लावणारा मीच, आणि त्या दिवशी खरंच एकाची दातांच्या डॉक्टरची वेळ चुकली तेव्हा फुलं घेऊन त्याच्या घरी गेलेला पण मीच, अर्थात फुलं प्लास्टिकची होती आणि त्यातून पाणी उडायचं. लोक म्हणतात, रॉय असला की बरं वाटतं. मला पण रॉय असला की बरं वाटतं. फक्त शनिवारपासून तो जरा गैरहजर आहे.

जॅनिनची मुलगी ब्रायनी सिल्व्हरच्या गटात. आमच्या शाळेत पोरांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी मेडलं मिळवता येतात, त्यासाठी डोंगर चढायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उपयोगी पडायचं आणि एखादा नवा छंद सहा महिने चिकटून करायचा. ब्रायनीने छंद घेतला लाकडी चमचे कोरायचा, म्हणून ती माझ्याकडे आली. सोळा वर्षांची, उंच, आणि आपली उंची कुणाची तरी चुकून उचलून आणल्यासारखी वाकून चालणारी. पहिल्या दिवसापासून एकच वाक्य. सुरी लाकडाला लावायच्या आधी, "बरोबर आहे ना सर?" लावल्यावर, "बरोबर आहे ना?" एक छिलका निघाला की वर बघणार. मी एकदा म्हटलं, "अगं, चमचा आहे, बाँब नाहीये, फुटणार नाही." हसली नाही. मग मी एक दिवस माझा चमचा मुद्दाम वाकडा कोरला आणि तोंडात धरून सूप सांडलं अंगभर, तेव्हा हसली, हनुवटी खाली घालून, कुणी बघू नये असं. सहा महिन्यांत चार चमचे झाले. चौथा इतका सुरेख की मी तो घरी नेला, तिला विचारून, आणि रोज सकाळी संत्र्याचं मार्मलेड त्याने काढतो. पण प्रश्न तसाच राहिला होता. बरोबर आहे ना सर. कधीकधी वाटायचं, ही पोरगी लग्नात पण पाद्रीबाबाला हेच विचारणार.

आणि शनिवार. या डोंगराच्या फेरीचा नियम असा, की पोरं एकटी चालतात. नकाशा, होकायंत्र, पाठीवर तंबू. फोन पाकिटात सीलबंद. आम्ही मोठी माणसं लांब राहायचं, दिसायचं नाही, ठरलेल्या जागी आधी जाऊन बसायचं आणि ती चुकीच्या वाटेला लागली तरी दातांखाली जीभ धरून गप्प राहायचं, जोवर कुणाच्या जिवावर बेतत नाही. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला ही शिक्षाच आहे. मिसेस प्रेंटिस, म्हणजे हे सगळं चालवणारी आमची बाई, मला दरवेळी सांगते, "रॉय, झुडूप बनायचं. झुडूप जोक मारत नाही." तर मी झुडूप बनायला निघालो. ठरलेली जागा होती ओढ्याकाठचा दगडी गोल, पूर्वी मेंढ्या कोंडायचे तो. एक वाजता पोरं तिथे येणार. मी अकरालाच गाडी रस्त्याकडेला लावली आणि नकाशा सीटवर ठेवून दिला. कशाला हवाय? तीस वर्षं या माळावर फिरतोय. खिशात सँडविच, थर्मास आणि डोक्यात बेत असा की पोरं जवळ आली की नेहमीसारखं भिंतीआडून मेंढी बनून ओरडायचं, पण या वेळी जरा चुकीचं, म्हणजे दमा झालेल्या मेंढीसारखं. मी गाडीतच तालीम केली होती.

धुकं आलं ते पांढरं नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखं करडं होतं, आणि ते आलं म्हणजे कुठून तरी आलं असं नाही, हेदरच्या झुडपांतूनच उगवलं. मला काही वाटलं नाही. मी ओढा ओलांडला, गोल सापडला, त्यात बसलो. एक वाजला. दीड. मी मेंढीचा आवाज घशात तयार ठेवून बसलोय आणि कुणी येत नाही. मग धुकं क्षणभर फाटलं आणि समोरच्या उतारावर पाच पाठपिशव्या दिसल्या, पाच रंगांच्या, सरळ रेषेत, उलट्या दिशेला चाललेल्या. चुकली! मला ओरडायचं होतं. छातीपर्यंत आलं होतं. पण नियम म्हणजे नियम, झुडूप म्हणजे झुडूप, मी तोंडात हातमोजा कोंबला आणि स्वतःचाच अभिमान वाटून घेतला, की बघ रॉय, तू पण गप्प बसू शकतोस. आता विचार करतो तर हसू येतं. कारण पोरं बरोबर होती. पोरं त्या वेळी खऱ्या गोलाकडे चालली होती. मी चुकीच्या ओढ्याकाठी, चुकीच्या गोलात, चुकीची मेंढी बनून बसलो होतो.

हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्या मागे निघालो होतो, आणि मागे कुठे तेच कळत नव्हतं. शंभर पावलं गेलो असेन, एक पाय गेला. काळा, मऊ, थंड चिखल, मांडीपर्यंत. काढायला गेलो तर दुसरा गेला. हसलो मोठ्याने. माळावर एकट्याचं हसणं कसं ऐकू येतं माहितीय? कुणीतरी दुसरंच हसतंय, आणि तुमच्यावर. फोनला या माळावर रेंज नसते. मग मी ओरडलो. मग अजून ओरडलो. पाणी वरून, पाणी खालून, पायाची बोटं आधी दुखत होती, मग दुखायची थांबली, ते जास्त वाईट होतं. आणि तेव्हा मला एक जुना दिवस आठवला. किती वर्षांनी. मी सोळाचा, सुऱ्या बनवायच्या कारखान्यात नवा, आणि मिस्त्री म्हणाला, जा पोरा, पलीकडच्यांकडून डावऱ्या माणसाची हातोडी घेऊन ये. पलीकडचे म्हणाले, कालच नेली की त्या नाक्यावरच्यांनी. नाक्यावरचे म्हणाले, अरेरे, पुलापलीकडे बघ. सगळं गाव सामील असायचं अशा गमतीत, प्रत्येक जण गंभीर तोंडाने पुढे पाठवायचा. दुपारपर्यंत फिरलो. कालव्याकाठी बसून रडलो, कारण मला वाटलं हातोडी न घेता गेलो तर नोकरी जाईल. हातोडीच नसते हे कळलं ते तिथून जाणाऱ्या एका बाईमुळे, तिने कीव येऊन सांगितलं. आणि मी तोंड धुतलं, शिट्टी वाजवत परत गेलो आणि मिस्त्रीला म्हटलं, "मला पहिल्यापासून माहीत होतं. म्हटलं चला, तेवढंच फिरणं होईल." अख्खा कारखाना हसला, पण माझ्यावर नाही. त्या दिवशी मला कळलं, की 'माहीत होतं' म्हटलं की माणूस सुटतो. त्यानंतर मी कायमच सुटत आलोय. माझी बायको लिन सोडून गेली त्या दिवशी पण सुटलो. ती दारात बॅग घेऊन उभी, मी म्हटलं, "नको ना जाऊस." आणि ती थांबली, चांगली मिनिटभर थांबली, माझ्या तोंडाकडे बघत, पुढचं गमतीचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत. मला गमतीचं काही सुचत नव्हतं. मग तिची बस आली. आता ती लीड्सला असते, चांगली आहे, नाताळला कार्ड पाठवते. रागावलेली वगैरे नाही. फक्त तिला ते खरं वाटलं नाही.

तर मी शिट्टी वाजवली. सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. संकटात असल्याची खूण, मीच पोरांना शिकवलेली. आणि वाजवताना मला स्पष्ट कळत होतं की ऐकणारं पोरगं काय म्हणणार. नंतर कळलं, अगदी तसंच म्हणालं. पाचही जण खऱ्या गोलापाशी माझी वाट बघत बसलेले, शिट्टी आली, आणि कासिम म्हणाला, "हा स्टॅनी सरांचा डाव आहे. हलू नका. गेलो तर मेंढी बनून येणार अंगावर." बाकीचे म्हणाले, बरोबर. ब्रायनीने कुणालाच विचारलं नाही, बरोबर आहे का म्हणून. ती उठली, शिट्टीच्या दिशेला होकायंत्र धरलं, आकडा वहीत लिहिला आणि कासिमच्या हातात स्वतःची शिट्टी दिली. "दर मिनिटाला एकदा वाजव. परत यायला मला तो आवाज लागेल." कासिम म्हणाला, "आणि डाव निघाला तर?" ती म्हणाली, "तर मग मी ओली होईन."

मला आधी तिचा आवाज ऐकू आला. हळू, एकसारखा, मोजणारा. दोनशे नव्वद. दोनशे एक्क्याण्णव. धुक्यातून आकडे चालत येत होते. तीनशे दहा, तीनशे अकरा, आणि मग ती, वाकलेली नाही, सरळ, कारण वाकून बघता येत नाही ना लांबवर. "तीनशे बारा," ती म्हणाली, माझ्याकडे बघून, जसं काही माझं नावच ते. तीनशे बारा पावलं! मी एवढ्या जवळ मरत होतो. तिने दोरी टाकली, पाठपिशवी चिखलावर आडवी घातली, मला म्हणाली "झोपा पोटावर", मी झोपलो, आणि ती ओढत गेली, कण्हली नाही, दमली नाही, एकदाही विचारलं नाही. बाहेर आलो. डोळे पुसले, ते पावसाने ओले होते असं धरून चाला. तिने स्वतःचे कोरडे हातमोजे माझ्या हातात घातले, लहान मुलाला घालतात तसे, एकेक बोट. आणि तेव्हा, माझे ओठ नीट हलत पण नव्हते, तेव्हा मी म्हणालो, "शाब्बास! पास! म्हटलं येताय की नाही कुणी." ती थांबली. "म्हणजे हे मुद्दाम होतं?" "मग काय! मी हरवेन? या माळावर?" तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. "बरं," म्हणाली. कासिमची शिट्टी वाजली लांबून. तिने दिशा धरली आणि चालायला लागली, आणि मी मागे, आणि गोलापाशी पोचल्यावर मी अर्थातच त्या दमेकरी मेंढीचा आवाज काढला. सगळे लोळले हसून. पाचांतले चार.

बाकावर बसून रोल गार झाला. एक कबूतर चीजवाल्याकडे बघत होतं, त्याला सगळाच दिला. मंगळवार होता, चार वाजायला आले होते, आणि मंगळवारी चारला ब्रायनी चॅपलच्या हॉलमध्ये असते, म्हाताऱ्यांच्या चहाला; तिथे ती बिंगोचे आकडे पुकारते, तिच्या समाजसेवेचा भाग. ट्राम न घेता चालत गेलो. वाटेत तीन वेळा वाक्य तयार केलं आणि तिन्ही वेळा शेवटी गंमत आली, आपोआप, नळाला थेंब यावा तशी. मुलीला मोठी भेट द्यायला निघालोय असं काहीतरी वाटत होतं मला, उदार वगैरे. हॉलचं दार ढकललं तर आत वीस म्हातारी माणसं कागदांवर वाकलेली, आणि माइकवर ब्रायनी. "सत्तेचाळीस." स्वच्छ आवाज. "ब्रायनी," मी म्हटलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या विनीने मान पण न वळवता माझ्या गुडघ्यावर काठी मारली. "तोंड बंद ठेव, राजा. मला एकच नंबर हवाय." "फक्त दोन मिनिटं..." "मला अठरा हवाय आणि तू माझ्या आणि अठराच्या मध्ये उभा आहेस." मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अठरा आला नाही. एका आजोबांचं जमलं, ते ओरडले, विनी त्यांना काहीतरी म्हणाली जे चॅपलमध्ये म्हणायचं नसतं, आणि चहाची सुट्टी झाली.

ब्रायनी कप मांडत होती. मी म्हटलं, "शनिवारी मी खरंच हरवलो होतो." म्हटलं आणि लगेच तोंडाचा कोपरा हलायला लागला, मी तो दाताने धरला. "नाटक नव्हतं. चुकीच्या गोलात बसलो होतो. तू आली नसतीस तर..." ती म्हणाली, "माहितीय सर." दूध ओतत होती. "तुमचे ओठ निळे होते. तसं नाटकात करता येत नाही." मी म्हटलं, "मग आईला का नाही सांगितलंस?" "तुम्ही म्हणालात ती परीक्षा होती. मी तेच सांगितलं." "आणि गोल्डचा फॉर्म?" तेव्हा तिने दुधाचा जग खाली ठेवला. "तो तुमच्या सहीने जातो ना. खोटं लिहून केलेल्या सहीचं मला नको होतं. मी आजपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तुम्ही सांगाल असं वाटलं होतं." "आणि नसतो आलो तर?" "तर उद्या मी प्रेंटिस मॅडमना सांगितलं असतं," ती म्हणाली, अगदी साधं, कपात साखर किती हे सांगावं तसं. "दोन चमचे ना तुम्हाला?" मी उदार होऊन आलो होतो! माझ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे, वाईट वाटलं नाही. त्या मांडीपर्यंतच्या चिखलातून अजून एकदा कुणीतरी बाहेर ओढावं तसं वाटलं. तिथेच बसून, विनीच्या बिंगोच्या पेनने, मी तिच्या फेरीचा अहवाल लिहिला. सगळं. नकाशा सीटवर, चुकीचा ओढा, शिट्टी, होकायंत्र, दोरी, हातमोजे. विनी खांद्यावरून वाचत होती. "हे खरंय?" "खरंय." "मग तुला परत डोंगरावर कोण सोडणार, गाढवा?" तेही खरं होतं.

शाळेत पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते आणि मिसेस प्रेंटिस कोट घालत होती. मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. अर्ध्यावर आल्यावर हसायला लागली, शेवटी तर टेबल धरलं. "रॉय, रॉय! हातमोजे, एकेक बोट! कमाल आहेस. बरं, आता खरा दे." ती डोळे पुसत म्हणाली, "दे ना, उशीर होतोय." मी उभा. तुम्हाला सांगतो, शंभर गोष्टी सुचत होत्या. खिशात हात घालून रिकामा बाहेर काढायचा. चक्कर आल्यासारखं पडायचं. एक भुवई वर केली असती तरी पुरलं असतं, ती हसत घरी गेली असती, मी पण. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला, परत सरकला. माझा चेहरा मला माझाच वाटत नव्हता. इतका वेळ तो कधी रिकामा ठेवलाच नव्हता, गालांना कळत नव्हतं काय करायचं. तिचं हसू आधी डोळ्यांतून गेलं. मग तोंडावरून. तिने कागद परत वर धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचला, आणि या वेळी ओठ हलवत, हळू.

"किती वेळ होतास आत?" तिने विचारलं.

"दोन तास दहा मिनिटं."

"तुला कळतंय ना, आता पूर्ण ट्रेनिंग परत करेपर्यंत मी तुला माळावर पाठवू शकत नाही? कदाचित वर्षभर."

"कळतंय."

"आणि शाळेत सगळे हसतील तुला."

"हसू दे की."

तिने कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि खाली बसली. खण उघडून एक कोरा फॉर्म काढला, गोल्डचा नाही, वेगळाच, धाडसासाठी शिफारस करायचा, जो मी या शाळेत वीस वर्षांत कधी बघितलाही नव्हता. पेनचं टोपण काढलं. "बस," ती म्हणाली. "आणि त्या मुलीचं पूर्ण नाव सांग मला."

"ब्रायनी ग्रेस ऑक्सली," मी म्हणालो, आणि बसलो.